जुनी स्पोर्ट्‌स मोटारसायकल : गैरसमज आणि वस्तुस्थिती

यामाहाने २००८ मध्ये आर१५ भारतीय बाजारात आणली, त्याच्या पुढच्या वर्षी कावासाकीची निन्जा २५०आर बजाजच्या दालनांतून विकली जाऊ लागली आणि २०१४ मध्ये पुण्याजवळच्या चाकण येथील बजाजच्या कारखान्यात तयार होणारी केटीएम आरसी ३९० रस्त्यावर आली. द्रवशीतित इंजिन (ज्याची उष्णता रेडिएटरमधून फिरणारे द्रव बाहेर टाकते), सहा गिअर आणि पूर्ण फेअरिंग, म्हणजे सांगाडा व इंजिन झाकून हवेचा विरोध कमी करणारे आवरण, ही या वर्गाची ओळख ठरली. त्या काळात नव्या विकल्या गेलेल्या गाड्या आज दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या मालकाकडे पोहोचल्या असून, साध्या प्रवासी मोटारसायकलीच्या किमतीत स्पोर्ट्‌स बाइक मिळते म्हणून त्यांना मोठी मागणी आहे. या व्यवहाराभोवती आणि त्यानंतरच्या फेरफार-सजावटीभोवती जे समज रूढ झाले आहेत, त्यांतील बहुतेकांच्या मुळाशी एकच चूक आढळते : मोटारसायकल ही सुट्या भागांची बेरीज आहे आणि त्यातील कोणताही भाग इतरांना धक्का न लावता बदलता, वाढवता किंवा चमकवता येतो, असे गृहीत धरले जाते.

कमी किलोमीटर, म्हणजे चांगली गाडी?

जाहिरातीत सर्वांत आधी सांगितला जाणारा आकडा किलोमीटरचा असतो आणि खरेदीदारही त्यालाच सर्वाधिक महत्त्व देतो. डिजिटल मीटरवरील आकडा बदलणे अवघड नाही ही गोष्ट आता बऱ्याच जणांना माहीत आहे. परंतु आकडा खरा असला तरी तो पुरेसा नसतो, हे तितकेसे ध्यानात घेतले जात नाही. दहा वर्षांत आठ हजार किलोमीटर चाललेली गाडी बहुतांश काळ उभी राहिलेली असते, आणि उभ्या गाडीची झीज चालत्या गाडीच्या झिजेहून वेगळी असली तरी ती कमी नसते. इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतील ओलावा शोषून घेते, त्यामुळे अर्धवट भरलेली टाकी आतून गंजते. पेट्रोलचा चिकट अवशेष इंजेक्टरच्या सूक्ष्म छिद्रांत साचतो. पुढच्या शॉकअपचे ऑइल सील कडक होऊन पहिल्याच खड्ड्यात गळू लागतात. बॅटरीच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण थर जमतात. टायरचे रबर वापराविनाही कडक होत जाते. याउलट, वेळच्या वेळी सर्व्हिसिंग झालेली पस्तीस हजार किलोमीटरची गाडी पुढची अनेक वर्षे बिनतक्रार साथ देऊ शकते.

मीटरवरील आकड्याची पडताळणी गाडीच्या अंगावरच करता येते. पायाखालच्या फूटरेस्टचे रबर, हँडलच्या ग्रिप, गिअर लिव्हरचे टोक आणि किल्लीच्या छिद्राभोवतीची झीज यांचा मीटरशी मेळ बसतो का, हे पाहावे. ब्रेकच्या डिस्कवर तिची किमान जाडी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते. कॅलिपरने मोजलेली जाडी त्या मर्यादेच्या जवळ असेल आणि मीटर मात्र नऊ हजार दाखवत असेल, तर दोहोंपैकी एक खोटे असते, आणि कोरीव धातूला खोटे बोलता येत नाही. टायरच्या कडेवर लंबगोल चौकटीतील चार अंकी आकड्यात निर्मितीचा आठवडा व वर्ष असते. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. गाडी २०१६ ची, मीटरवर सहा हजार आणि टायर मात्र २०१९ चे, असे दिसल्यास विक्रेत्याला प्रश्न विचारणे क्रमप्राप्त ठरते.

दुसरा, याहून धोकादायक समज असा की, फेअरिंग निर्दोष असेल तर गाडी पडलेली नाही. फेअरिंग हा गाडीचा सर्वांत सहज बदलता येणारा भाग आहे आणि अपघातग्रस्त गाडी विकण्यापूर्वी तोच आधी बदलला जातो. खऱ्या खुणा त्याच्या आड असतात : तुटून चिकटवलेले प्लास्टिकचे लॉक, दोन बाजूंना वेगवेगळ्या छटेचे स्क्रू, हँडल पूर्ण वळवल्यावर जिथे अडते त्या सांगाड्यावरील ठोकळ्याला पडलेला खड्डा किंवा उडालेला रंग. हा ठोकळा सहसा जोराच्या आघाताशिवाय दबत नाही, म्हणून तो सर्वांत विश्वासार्ह साक्षीदार मानावा.

स्टिअरिंगच्या बेअरिंगची, म्हणजे मिस्त्री ज्याला कोनसेट म्हणतात त्या भागाची परीक्षा अगदी सोपी आहे. पुढचे चाक जमिनीपासून उचलून धरावे आणि हँडल एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे अगदी सावकाश, दोन बोटांनी न्यावे. बरोबर मध्यभागी हँडल किंचित अडखळून जणू एका खाचेत बसत असेल, तर बेअरिंगच्या कड्यांवर खाचा पडलेल्या असतात; अशी गाडी सरळ रस्त्यावर सतत बारीक डुलत राहते आणि चालवणारा तो दोष टायरमधील हवेला देत बसतो. त्यानंतर चाक खाली टेकवून, पुढचा ब्रेक दाबून शॉकअप तीन-चार वेळा दाबावा. चकचकीत नळीवर तेलाचे ओले वर्तुळ उमटले तर ऑइल सील गेलेले आहे. हे तेल खाली ओघळून ब्रेक पॅडपर्यंत पोहोचू शकते, म्हणून हा दोष केवळ दिसण्यापुरता समजू नये.

पैसे दिले, किल्ली घेतली, व्यवहार पूर्ण झाला?

जुन्या गाडीच्या व्यवहारातील सर्वांत महागडा गैरसमज हाच आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० नुसार, त्याच राज्यातील व्यवहारात विक्रेत्याने १४ दिवसांत आणि खरेदीदाराने ३० दिवसांत हस्तांतरणाची माहिती आरटीओला देणे आवश्यक असते. त्यासाठी नमुना २९ आणि नमुना ३० वापरले जातात, गाडी दुसऱ्या राज्यात किंवा दुसऱ्या आरटीओच्या हद्दीत न्यायची असल्यास ना-हरकत प्रमाणपत्रासाठी नमुना २८, आणि कर्ज फिटल्यानंतर नोंदणीवरील बोजा उतरवण्यासाठी नमुना ३५ लागतो. स्टँप पेपरवरील विक्री करार हा दोन व्यक्तींमधील पुरावा असतो; कायद्याच्या दृष्टीने मालक तोच, ज्याचे नाव नोंदणीत आहे. सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या २०१८ च्या निकालात हेच स्पष्ट केले : गाडी एकामागून एक हातांत गेली तरी नोंदणीत नाव बदललेले नसेल, तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच राहते. सह्या केलेले कोरे फॉर्म घेऊन गाडी दोन-तीन हातांत फिरवण्याची जी पद्धत बाजारात रुळली आहे, तिच्यात पहिला मालक वर्षानुवर्षे अनोळखी चालकाच्या चुकांचा धनी राहतो.

विम्याबाबतही असाच अर्धवट समज आहे. कलम १५७ नुसार मालकी बदलल्यावर विमापत्रही नव्या मालकाच्या नावे झाले असे मानले जाते, परंतु हे संरक्षण त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीपुरते असते. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई हवी असेल तर नव्या मालकाने १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करून विमापत्र आपल्या नावे करून घ्यावे लागते. ‘नो क्लेम बोनस’ ही सवलत गाडीला नसून व्यक्तीला असते, त्यामुळे जुन्या मालकाची सवलत गाडीबरोबर येत नाही. प्रलंबित चलान, बोजा आणि नोंदणीची मुदत या तिन्ही गोष्टी परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर व एम-परिवहन ॲपवर आगाऊ रक्कम देण्यापूर्वीच पाहता येतात, आणि चासी व इंजिन यांवर कोरलेले क्रमांक तेथील नोंदीशी प्रत्यक्ष ताडून पाहण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत.

आवाज, ताकद आणि कायदा

खासगी मालकीची गाडी असल्याने तीत हवा तो बदल करण्याचा अधिकार मालकाला आहे, असे अनेकांना प्रामाणिकपणे वाटते. कलम ५२ मात्र उत्पादकाने मूळ निश्चित केलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात असलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल करण्यास मनाई करते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या तरतुदीचा तोच अर्थ लावला. कलम १८२-अ अन्वये अशा प्रत्येक फेरफारासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. रंग हाही नोंदणीतील तपशील आहे, म्हणून लाल गाडी काळी करून घेतल्यावर आरटीओकडे नोंद न करणे ही किरकोळ बाब ठरत नाही. ग्रिप, ब्रेक-क्लचचे लिव्हर, चांगल्या प्रतीचे ब्रेक पॅड किंवा पडल्यावर सांगाडा वाचवणारे फ्रेम स्लायडर यांनी मात्र नोंदणीतील तपशील बदलत नाहीत, आणि रोजच्या वापरात उपयोग होतो तोही मुख्यतः अशाच बदलांचा.

सर्वाधिक गैरसमज सायलेन्सरविषयी आहेत. आवाज मोठा झाला की ताकद वाढली, हा त्यांतील पहिला. ‘बॅकप्रेशर’ म्हणजे धुराच्या मार्गातील अडथळा इंजिनाला हवाच असतो, हा त्याच्या नेमका उलट असलेला दुसरा. आणि दोन्ही चुकीचे आहेत. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडताच दाबाची एक लाट नळीतून बाहेरच्या दिशेने धावते, नळी जिथे मोठ्या पोकळीत उघडते तिथून ती कमी दाबाची लाट होऊन परतते, आणि ही परतणारी लाट इनटेक व एक्झॉस्ट हे दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकत्र उघडे असताना सिलिंडरपाशी पोहोचली, तर ती उरलेला धूर खेचून घेते आणि ताज्या मिश्रणाला वाट करून देते. ही वेळ नळीची लांबी, व्यास आणि इंजिनाचे फेरे यांवर ठरते. उत्पादक ती लांबी-रुंदी वर्षानुवर्षांच्या चाचण्यांतून ठरवतो. बाजारातून आणलेली रुंद, पोकळ नळी हे गणित मोडते, आणि अनेकदा वरच्या फेऱ्यांत किंचित मिळते ते खालच्या आणि मधल्या फेऱ्यांत, म्हणजे शहरात व घाटात जिथे गाडी प्रत्यक्ष चालवली जाते तिथे, गमावले जाते.

बीएस-४ (एप्रिल २०१७) आणि बीएस-६ (एप्रिल २०२०) मानकांच्या गाड्यांत याला आणखी एक पदर आहे. धुरातील विषारी वायूंचे रूपांतर करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नळीतच बसवलेला असतो, आणि धुरातील प्राणवायू मोजणारा सेन्सर मिळालेल्या माहितीनुसार इंजिनाच्या संगणकाला पेट्रोलचे प्रमाण कमी-जास्त करायला लावतो. हा संगणक सर्व काही सांभाळून घेतो असा दिलासा गॅरेजमध्ये सर्रास दिला जातो. प्रत्यक्षात त्याची दुरुस्ती स्थिर, सौम्य वेगापुरती आणि ठरलेल्या मर्यादेतच चालते, पूर्ण थ्रॉटलवर तो साठवलेल्या तक्त्यावर विसंबतो, आणि तो तक्ता मूळ सायलेन्सरसाठी बनवलेला असतो. परिणामी मिश्रण आवश्यकतेपेक्षा विरळ होऊन इंजिन अधिक तापते.

उत्पादकासाठी १७५ सीसीवरील दुचाकींच्या आवाजाची मर्यादा ८० डेसिबल आहे, आणि डेसिबलचे माप साधे वाढणारे नसून १० डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनिऊर्जेत दहापट वाढ असते. कलम १९०(२) नुसार ध्वनी किंवा वायुप्रदूषणाचे निकष मोडल्यास पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, शिवाय परवाना बाळगण्यासही तीन महिन्यांसाठी अपात्र ठरवले जाते. महाराष्ट्रातील अनेक शहरांत जप्त केलेले सायलेन्सर पोलिसांनी जाहीरपणे रोडरोलरखाली चिरडले आहेत. मोठा आवाज चालकाचा जीव वाचवतो, हा युक्तिवादही टिकत नाही : सायलेन्सरचे तोंड मागे असते, आणि समोरच्या मोटारीतील काचा बंद करून बसलेल्या चालकापर्यंत तो आवाज पोहोचतो तेव्हा बहुधा गाडी शेजारी आलेली असते. रात्री दोन वाजता झोपमोड होते ती मात्र रस्त्यालगतच्या घरांतील लहान मुलांची आणि आजाऱ्यांची, आणि ही बाब कायद्याच्या दंडाहून गंभीर मानली पाहिजे.

रुंद टायर म्हणजे जास्त पकड, हा समज आकडेमोडीने तपासता येतो. आरसी ३९० चा मागचा टायर १५०/६०-१७ मापाचा आहे. यातील १५० ही मिलिमीटरमधील रुंदी, ६० ही रुंदीच्या टक्केवारीत कडेची उंची आणि १७ हा रिमचा इंचांतील व्यास. म्हणजे कडेची उंची ९० मिलिमीटर होते. त्याच रिमवर १६०/६० चढवल्यास ती ९६ होते, गाडीची मागची बाजू सहा मिलिमीटरने उचलली जाते, चेन आणि स्विंगआर्म (मागचे चाक धरणारा दांडा) यांच्याशी अंतर कमी होते, आणि रिमची रुंदी तीच राहिल्याने टायरच्या कडा आत ओढल्या जाऊन त्याची गोलाई अधिक टोकदार बनते. वळणात गाडी कलते तेव्हा रस्त्याला टेकणारा रबराचा पट्टा या गोलाईवर अवलंबून असतो. पकड ठरते ती रबराची जात, त्याचे वय, तापमान आणि हवेचा दाब यांवरून. नवा, मूळ मापाचा टायर हा सात वर्षे जुन्या रुंद टायरपेक्षा पावसाळ्यातील ताम्हिणी घाटात निश्चितच अधिक भरवशाचा असतो.

पेट्रोलविषयी थोडक्यात सांगता येते. ऑक्टेन हा आकडा इंधनातील ऊर्जेचा नसून दाबाखाली वेळेआधी पेटण्याला इंधन किती विरोध करते याचा आहे. ज्या इंजिनाला जास्त ऑक्टेनची गरजच नाही, त्यात महागडे पेट्रोल भरून ताकद किंवा ॲव्हरेज वाढत नाही.

तेल, चेन, ब्रेक

मोटारीचे उत्तम इंजिन ऑइल मोटारसायकललाही उत्तमच, असे मानणारे पुष्कळ आहेत. बहुतेक मोटारसायकलींत मात्र क्लच प्लेट इंजिनाच्याच तेलात बुडालेल्या असतात, आणि मोटारीच्या अनेक तेलांत घर्षण कमी करणारी जी द्रव्ये इंधनबचतीसाठी मिसळलेली असतात, त्यांनी क्लच घसरू लागतो. म्हणून डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए-२’ हे जपानी मानक आहे का, हे पाहावे. ‘एमबी’ हे कमी घर्षणाचे तेल कोरड्या क्लचच्या स्कूटरसाठी असते. उभ्या गाडीचे इंजिन आठवड्यातून एकदा दोन मिनिटे चालू ठेवण्याची सवयही हितकारक नाही, कारण तेवढ्या वेळात तेल पुरेसे तापत नाही, ज्वलनातून निर्माण झालेले पाणी तेलातच राहते आणि स्टार्टरने वापरलेली वीज बॅटरीत परत येत नाही. गाडी चालवता येणार नसेल तर बॅटरीला मंद गतीचा चार्जर लावणे श्रेयस्कर.

आधुनिक चेनच्या प्रत्येक पिनभोवती रबराच्या बारीक कड्यांनी ग्रीस कोंडलेले असते. पेट्रोल किंवा तारेचा ब्रश या कड्या खराब करतो आणि आतले ग्रीस गेल्यावर बाहेरून कितीही तेल सोडले तरी ते तिथे पोहोचत नाही. रॉकेल, मऊ ब्रश, कोरडे फडके आणि त्यानंतर चेन ल्यूब, एवढी देखभाल पुरेशी असते.

ब्रेक ऑइल कमी झालेले नाही म्हणून ते चांगले आहे, हा समज मात्र जिवावर बेतू शकतो. डॉट-४ प्रकारचे द्रव हवेतील ओलावा शोषते. ते नवे असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळते, तर सुमारे ३.७ टक्के पाणी शोषल्यावर त्याचा उत्कलनबिंदू १५५ अंशांपर्यंत येऊ शकतो. लांब उतारावर तापलेल्या कॅलिपरमध्ये या द्रवाची वाफ होते, वाफ दाबली जाते आणि लिव्हर ग्रिपला टेकूनही ब्रेक लागत नाही. दर दोन वर्षांनी हे द्रव बदलावे, आणि जुनी गाडी घेतल्यावर आधीचा मालक काहीही सांगो, ते लगेच बदलावे.

चमक आणि संरक्षण

सजावट, म्हणजे ज्याला आता सर्वत्र डिटेलिंग म्हणतात, तिच्याविषयी सर्वांत खोलवर रुजलेला समज असा की पॉलिश केल्याने रंगावर थर चढतो. रबिंग कंपाउंड आणि पॉलिश हे सूक्ष्म घर्षक आहेत. ते ओरखड्याच्या तळापर्यंतचा वरचा पारदर्शक थर खरवडून काढतात, आणि हा थर माणसाच्या केसापेक्षाही पातळ असतो. दर दोन-तीन महिन्यांनी कंपाउंड मारून घेतलेली गाडी काही वर्षांत कडांवर आणि उंचवट्यांवर रंग गमावू लागते, कारण मशीनचे पॅड तिथे सर्वाधिक दाब देते. मॅट रंगावर तर पॉलिश करूच नये. त्याची खडबडीत पृष्ठरचना घासली गेली की चकाकणारे डाग पडतात आणि ते पुन्हा रंगवल्याशिवाय जात नाहीत. संरक्षण देतात ते मेण आणि सीलंट, आणि ते झिजतात म्हणून पुन्हा लावावे लागतात.

सिरॅमिक कोटिंगची जाहिरात ‘९ एच’ कठीणपणाच्या दाव्याने केली जाते आणि ग्राहक त्याचा संबंध हिऱ्यापर्यंत जाणाऱ्या खनिजांच्या मापाशी जोडतो. हे माप पेन्सिलींच्या श्रेणीचे आहे : ठरावीक कठीणपणाच्या पेन्सिलीने पृष्ठभागावर ओरखडा उमटतो का, एवढेच त्यात तपासतात. सिलिका-आधारित हे कोटिंग पाणी व धूळ टिकू देत नाही, रंगाला गहिरेपणा देते आणि धुणे सोपे करते. महामार्गावर पुढच्या ट्रकच्या चाकातून उडालेला खडा मात्र त्यातून आरपार जातो. खड्यापासून संरक्षण हवे असेल तर पॉलियुरेथेनची जाड पारदर्शक फिल्म लागते, आणि तीही प्रामुख्याने टाकीच्या बाजू व पुढची फेअरिंग एवढ्यापुरती लावणे पुरेसे ठरते. आधीच्या ओरखड्यांवर कोटिंग लावल्यास ते ओरखडे झाकले जात नाहीत, उलट सिरॅमिकच्या थराखाली कायम होतात.

खरे तर बहुतेक बारीक वर्तुळाकार ओरखडे धुण्याच्या पद्धतीतून येतात. धुळीवर कोरडे फडके फिरवणे म्हणजे वाळूचे कण रंगावर घासणे होय. म्हणून आधी केवळ पाणी सोडून धूळ वाहून जाऊ द्यावी, मग एका बादलीत शाम्पू व दुसऱ्या बादलीत स्वच्छ पाणी घेऊन मायक्रोफायबरचा हातमोजा प्रत्येक भागानंतर दुसऱ्या बादलीत खळबळून घ्यावा आणि शेवटी खालचे भाग धुवावेत. बोअरच्या जड पाण्यातील कॅल्शियम उन्हात वाळल्यावर पांढरे डाग सोडते, त्यामुळे सावलीत, थंड गाडी धुऊन लगेच टिपून घेणे महत्त्वाचे. दाबाच्या पाण्याची नोझल रेडिएटरच्या पात्यांपासून, कोनसेटपासून, चाकांच्या बेअरिंगपासून आणि हँडलवरील स्विचपासून दूर ठेवावी. पुढची पारदर्शक काच ही काच नसून प्लास्टिक असते; घरातील काचेचा अमोनियायुक्त क्लीनर किंवा पेट्रोल लावल्यास तिच्यात बारीक भेगा पडतात.

वॉशिंग सेंटरवर धुतल्यावर शेवटी डिझेलचा फवारा मारण्याची जी प्रथा आहे, ती स्पोर्ट्‌स बाइकसाठी पूर्णपणे त्याज्य आहे. क्षणभर सर्व काही काळेभोर व चकचकीत दिसते. पण डिझेल रबरी नळ्या फुगवते, पुढच्या दोन दिवसांची धूळ धरून ठेवते आणि डिस्क व पॅडवर पोहोचते. टायर चमकवणाऱ्या सिलिकोनच्या द्रवाचेही तसेच : ते फक्त बाजूच्या उभ्या भागावर, फडक्यानेच लावावे, कारण कार रस्त्यावर सरळ उभी राहते तर मोटारसायकल कलून वळते आणि वळणात टायरची कडेजवळची जागाच रस्त्याला टेकते. असे काही डिस्कवर पडल्याची शंका आली तर ब्रेक क्लीनरने डिस्क पुसावी, पॅड काढून पाहावेत, त्यांत तेल मुरले असेल तर नवे बसवावेत, आणि गाडी गल्लीतच सावकाश चालवून दोन्ही ब्रेक पाच-सहा वेळा लावून पाहिल्यावरच मुख्य रस्त्यावर न्यावी.